पोथीच्या फडक्यातला बदामचा गुलाम

मी बदामचा गुलाम बोलतोय. पत्त्यांच्या कॅटातला. आता जे सांगणार आहे ते अक्षर न् अक्षर खरं आहे. त्यात खोटं निघालं तर माझ्या मिशा झडोत.

माझा जन्म विलायतेचा. एका लॉर्डसाहेबाच्या हवेलीत, धगधगत्या शेकोटीपुढं, हिरव्या मखमलीच्या टेबलावर मी पहिल्यांदा डोळा उघडला. एकच डोळा. आम्ही बदामचे गुलाम चित्रात कायम बाजूला तोंड करून उभे असतो, त्यामुळे दुसरा डोळा कुणी काढतच नाही.

आता शपथ घेतलीच आहे तर एवढं दुरुस्त करतो: ती हवेली नव्हती, म्हसवडच्या जत्रेतला हातगाडा होता. फुगे आणि पिपाण्यांच्या मधे आमची डबी होती. डबीवर सोनेरी अक्षरांत इंग्रजी काहीतरी छापलं होतं, तेवढीच माझी विलायत. माझे मालक लालासाहेब तेव्हा पलटणीतून सुट्टीवर आले होते. परतीच्या रेल्वेप्रवासात वेळ जावा म्हणून त्यांनी आम्हाला घेतलं. पुढं मी जम्मू पाहिलं, तेजपूर पाहिलं, बर्फात खेळलो. एकदा तर एका हवालदाराच्या खिशात असताना शत्रूची गोळी माझ्या कडेला चाटून गेली. म्हणजे चहाचा कप सांडला. डाग अजून आहे, हवं तर बघा.

लालासाहेब सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि आम्ही सगळे इस्लामपूरला घरी आलो. गावाबाहेर स्लॅबचं घर, तिन्ही बाजूंना ऊस, पुढं व्हरांडा. संध्याकाळी त्या व्हरांड्यात सतरंजी पडायची आणि पाच-तीन-दोनचा डाव बसायचा. या खेळाला तीनच माणसं लागतात. एक लालासाहेब. दुसरे विष्णुपंत, मूळचे वाईचे, पोस्टमास्तर म्हणून इस्लामपूरला आले आणि निवृत्तीनंतरही इथंच राहिले. बायको गेलेली, मुलगा अनीश साताऱ्याला. तिसरा सुमंत, औषधांच्या दुकानाचा मालक. दुकान पोरावर टाकून यायचा आणि दर डावाला फोनवर गोळ्यांची नावं सांगायचा.

गेल्या श्रावणातली गोष्ट. एका संध्याकाळी विष्णुपंतांनी शेवटचा हात माझ्या जिवावर ओढला. लालासाहेबांकडं एक्का होता, पण हुकूम बदाम नव्हता... नाही, थांबा, हुकूम बदामच होता आणि एक्का आधीच पडला होता. ते जाऊ द्या. विष्णुपंत खुशीत आले. मला बोटांत धरून म्हणाले, "सुभेदार, हा पठ्ठ्या मी आता घरीच नेतो. सकाळी चहा तरी करून देईल."

"न्हे की," लालासाहेब म्हणाले, "साखर जास्ती घालतोय, तेवढं ध्यानात ठेव."

सगळे हसले. तेवढ्यात सुमंतला दुकानातून फोन आला, डाव मोडला, आणि गोळा करताना मी सतरंजीच्या दुमडीत राहिलो.

सकाळी सतरंजी झटकली बनुबाईंनी. म्हणजे सुभेदारांच्या मालकीणबाई. मी टपकन पायाशी पडलो. त्यांनी मला उचललं, पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, काडी मोडलीच हुती." आणि मला घेऊन देवघराकडं गेल्या.

आता ही काडी कसली, ते सांगायला हवं.

बनुबाई श्रावणात रोज पोथी वाचायच्या. आंघोळ करून, पाटावर बसून, उदबत्ती लावून. मुलगा वीरधवल सैन्यात, सीमेवर. त्याच्यासाठी तो नेम. त्यात कसूर नाही. पण लाल फडक्यात पोथीच्या खाली आणखी एक पुस्तक होतं. सूनबाईनं, शिवांजलीनं, सांगलीच्या पुस्तक प्रदर्शनातून आणलेलं. मुखपृष्ठावर धुक्यातला मोठा दगडी बंगला आणि टोपीवाली बाई. शंभर वर्षांपूर्वीच्या विलायतेतल्या मॅलोफील्ड नावाच्या हवेलीत पाहुणे जमतात आणि मालकिणीचा पाचूचा दागिना नाहीसा होतो, त्याची मराठीत आणलेली गोष्ट. अध्याय संपला की बनुबाई पोथीला नमस्कार करायच्या, ती बाजूला ठेवायच्या आणि खालचं पुस्तक वर घ्यायच्या. पान दुमडणं त्यांना पाप वाटायचं, म्हणून खुणेला उदबत्तीची काडी. ती मोडली, आणि माझी नेमणूक झाली.

खुणेच्या पत्त्याचं आयुष्य कसं असतं, ते तुम्हाला ठाऊक नसणार. माझं तोंड ज्या पानाकडं, तेवढंच पान मला दिसतं. दुसऱ्या दिवशी मला उचलून पुढं कुठंतरी खोचतात. मधलं सगळं बुडालं! एका सकाळी मी बघतो तो माळी गुलाबांना पाणी घालतोय. दुसऱ्या सकाळी त्याच्याच बायकोला सगळे धीर देताहेत. माळ्याचं झालं काय? पळाला, मेला, की नुसता पाय मोडला? चोवीस तास मी त्या एकाच पानाकडं एका डोळ्यानं बघत तर्क लढवायचो. आयुष्यभर मला वाटायचं की मी लोकांचे हात बघितलेत, मला सगळं कळतं. त्या पुस्तकात मला पहिल्यांदा कळलं की कळत नसलं की किती मजा येते.

बनुबाईंचंही तेच. वाचताना पुटपुटायच्या. "काकडी पावात घालून खात्यात. काय जिभंला चव?" "एवढ्या मोठ्या घरात बाई एकलीच एका खोलीत निजती. दुखलं खुपलं तर हाक कुणाला जायाची?" शिवांजली फुलं घेऊन आली की हळूच विचारायच्या, "शिवा, हा बटलर म्हंजे कोन गं?"

"घरातला मुख्य नोकर, आई. कोण जेवलं, कोण राहिलं, चांदीची भांडी कुठं आहेत, सगळं तोच बघतो."

"म्हंजे माझंच काम की. फकस्त त्याला पगार हाय."

आणि व्हरांड्यातून लालासाहेबांची पावलं वाजली, की बनुबाई काय करायच्या माहिताय? आवाज चढवायच्या, पोथीची चाल लावायच्या आणि वाचत असलेलं वाक्य तिथल्या तिथं ओवीत बसवायच्या:

"बटलर म्हणे मालकिणीसीऽऽ, पाचू नाही माझे पाशीऽऽ..."

लालासाहेब दाराशी थांबायचे, टोपी काढायचे, हात जोडायचे आणि पावलं न वाजवता निघून जायचे. हा भाग खरा आहे. असलं मलासुद्धा सुचलं नसतं.

एवढी लपवाछपवी कशाला, असं तुम्ही म्हणाल. मलाही कोडं होतं. मग पहिल्याच दुपारी त्या पुस्तक घेऊन उघड्यावर बसल्या आणि मी बघितलं. "बसलीयास तर शेंगा फोडून टाक." "आगं, पंपाची चावी कुठं हाय?" "जरा चहा टाक गं, सुमंत आलाय." एक पान पुरं झालं नाही. आणि सकाळी? फडकं सोडलं, उदबत्ती पेटली की अख्खं घर बोटांवर चालायचं. कुकरसुद्धा शिवांजली बघायची. त्या घरात बनुबाईंना हाक न मारण्याची तेवढी एकच वेळ होती, आणि ती त्यांनी पाचू चोरणाऱ्याच्या मागं लावली होती.

ज्या सकाळी मी पुस्तकात गेलो, त्याच संध्याकाळी व्हरांड्यात बोंब झाली. वाटप झालं आणि सुमंतच्या हातात एक पान कमी. पुन्हा वाटलं, पुन्हा कमी. शेवटी कॅट मांडून बघितला. बदामचा गुलाम नाही.

सतरंजी झटकली, खुर्च्या उलट्या झाल्या. मग लालासाहेब म्हणाले, "विष्णू, काल तू म्हनला हुतास, घरी न्हेतो म्हनून."

"अहो, ती चेष्टा होती."

"चेष्टा ठीक हाय. पर पान न्हाई."

"म्हणजे मी नेलं?"

"मी कुठं तसं म्हनतोय? खिसं तेवढं दाव, म्हंजे इषय मिटला."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि गेलंच. पलटणीत सामान हरवलं की सगळ्यांचे खिसे बघायची पद्धत असते. सुभेदारांना त्यात वावगं काही वाटलं नसणार. पण ज्या माणसाच्या हातून उभ्या तालुक्याच्या मनिऑर्डरी गेल्या, त्याला हे व्हरांड्यात बसून ऐकावं लागत होतं. विष्णुपंत उठले. सदऱ्याचे दोन्ही खिसे त्यांनी बाहेर उलटे केले. एक रुमाल, खडीसाखरेची पुडी, एसटीचा ज्येष्ठ नागरिकाचा पास. सगळं सतरंजीवर ठेवलं, मग एकेक वस्तू पुन्हा उचलून खिशात घातली आणि चपला अडकवून चालू लागले.

"आवं, बसा की भावजी, चहा टाकलाय," बनुबाई आतून धावत आल्या. तोवर फाटक वाजलं होतं.

मी हे बघितलं कसं, मी तर पुस्तकात होतो, असं विचारू नका. देवघराची खिडकी व्हरांड्यात उघडते, आणि कान मला दोन आहेत.

लालासाहेबांनी मग घर उलथंपालथं केलं. डबे, गाद्या, उशांचे अभ्रे, गाडीची डिकी, गोठ्यातली गव्हाण. देवघरापाशी आले की मात्र हात मागं. पारोशा हातानं पोथीच्या फडक्याला शिवायचं म्हणजे काय! आणि आंघोळ केलेल्या हातानं तरी पत्ता शोधायला पोथी कोण सोडणार? लॉर्डसाहेबाच्या हवेलीत पोलीस आले की आधी लायब्ररी धुंडाळतात. इस्लामपुरात ती एकच जागा सुटली.

बनुबाईंना त्याच संध्याकाळी सगळं कळलं होतं. पण आपणच पान नेलं म्हणायचं, तर कुठं ठेवलं तेही सांगायला हवं. दुसरी सकाळ गेली, तिसरी गेली. मग सुमंत बातमी घेऊन आला: विष्णुपंत खोली सोडून कायमचे साताऱ्याला निघालेत. अनीश किती वर्षं बोलावत होता. ते इथल्या डावासाठी अडून बसले होते. आता डावच नाही.

"जाऊ दे की," लालासाहेब म्हणाले. पण वर्तमानपत्र त्यांनी उलटं धरलं होतं. बरं, उलटं नसेल. कालचं होतं.

त्या सकाळी बनुबाई पाटावर बसल्या तेव्हा मी कुठल्या पानावर होतो बघा. मॅलोफील्डमध्ये तो पाचू सापडतो. दिवाणखान्यातल्या फुलांच्या कुंडीत. मला वाटलं, सुटला बिचारा बटलर! पण नाही. सगळे पाहुणे एकमेकांकडं बघतात आणि म्हणतात, घाबरून त्यानंच आणून टाकला असणार. बटलर आपली पेटी भरतो, कोट घालतो आणि मागच्या दारानं निघून जातो. कुणी थांबवत नाही.

बनुबाईंनी मला उचललं आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बघितलंस? तुला हळूच सतरंजीखाली सरकवावं म्हनत हुते मी. तर म्हनत्याल, विष्णूनंच सरकवला."

मग त्या पुढं वाचू लागल्या. मी त्यांच्या बोटांत होतो, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा मला सलग पानं बघायला मिळाली! त्या हवेलीत पियानोचे सूर लावायला आलेली एक बाई असते, मिसेस डोव्ह. गोष्टीत सगळा शोध तीच घेत असते. ती म्हणते, बटलरची गाडी सुटायच्या आत सगळ्यांना दिवाणखान्यात बोलवा, चहा मांडा, चोर मी तिथं सांगते. सगळे येऊन बसतात. दार लागतं. मिसेस डोव्ह उभी राहते, आणि...

आणि बनुबाईंनी पुस्तक मिटलं. मी ओरडलो, "अहो, एक पान! एकच पान!" पत्त्याचं कोण ऐकतंय.

"शिवा," त्या म्हणाल्या, "विष्णूभावजींच्या दाराशी अनीशची गाडी उभी हाय का बघ. असंल तर म्हनावं, वहिनीनं चहाला बोलावलंय. उभ्या उभ्या का हुईना, पर या. आन् सुमंतलाबी फोन लाव."

वहिनीचा निरोप विष्णुपंतांना मोडवेना. ते आले, खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. अनीश गाडीतच थांबला. सुमंत आला. लालासाहेब वर्तमानपत्राआड. शिवांजलीनं चहा फिरवला. आणि बनुबाई लाल फडकं छातीशी धरून बाहेर आल्या.

पोथी बघून सगळे सावरून बसले. लालासाहेबांनी टोपी काढून हात जोडले. बनुबाईंनी पाट मांडला, फडकं सोडलं, पोथी कपाळाला लावून पाटावर ठेवली. खाली तो धुक्यातला बंगला होता. त्यातून त्यांनी मला काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"ह्यो तुमचा गुलाम. विष्णूभावजींनी न्हेला न्हाई. मी न्हेला."

"पोथीत?" लालासाहेबांना एवढंच सुचलं.

"पोथीत न्हाई. तिच्याखालच्या पुस्तकात, खुनंला."

"आन् रोज सकाळी तू..."

"आदी अध्याय. मग हे."

लालासाहेबांनी विचारलं, "मग ते, पाचू नाही माझे पाशी?"

"ते हितलंच."

"आगं, मी हात जोडत हुतो त्याला!"

सुमंतच्या नाकातून चहा आला. शिवांजलीनं तोंडाला ओढणी लावली. पण बनुबाई हसल्या नाहीत.

"पुस्तक घिऊन बसले की तुमास्नी मी रिकामी दिसते," त्या म्हणाल्या. "पोथी घिऊन बसले की हाक येत न्हाई. या घरात तेवढीच एक घटका माझी हुती, म्हनून मी गप बसले. भावजी खिसं उलटं करून गेलं तरी गप बसले. आता न्हाई बसवत. माझी घटका गेली तर जाऊ द्या. गेल्या माणसाला परत कुठनं आनू?"

मग लालासाहेब उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. विष्णुपंतांचे दोन्ही हात हातांत घेऊन म्हणाले, "विष्णू, गड्या, चुकलो मी. पान हरवलं तर नवा कॅट मिळतो रं, तुझ्यासारखा माणूस न्हाई मिळायचा." विष्णुपंतांनी त्यांना मिठी मारली. दोघंही लहान मुलांसारखे रडले.

जरा वेळानं सुमंतनं पाटावरचं पुस्तक उचललं, मागं पुढं बघितलं आणि विचारलं, "पण वहिनी, तो पाचू चोरला कुणी?"

"मला काय म्हाईत? ऐन वक्ताला मिटून आले मी, तुमच्यापायी."

"माळ्यानं," विष्णुपंत म्हणाले. त्यांनी पुस्तकाचं पहिलं पानही बघितलं नव्हतं.

"मालकिणीनंच लपिवला असंल," लालासाहेब म्हणाले. "बघ की गं वाचून. बस, हितंच बस."

"हितं न्हाई." बनुबाईंनी सुमंतच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. "आत बसते. तास लागंल. आन् आजपास्नं रोज सकाळी पोथी झाल्यावर मला तास लागंल. त्या तासात कुनी हाक मारायची न्हाई. शेंगा न्हाई, चावी न्हाई, चहा न्हाई. हे पुस्तक सरलं तर शिवा दुसरं आनंल. कबूल हाय?"

लालासाहेबांनी शिवांजलीकडं बघितलं, शिवांजलीनं त्यांच्याकडं. "कबूल," ते म्हणाले. "पर चोर कोन ते सांगायचं."

"ज्याला पायजे त्यानं सोता वाचावं." आणि त्या आत गेल्या. माझ्याशिवाय.

तेव्हापासून मी पुन्हा कॅटात आहे, चौकटच्या दश्शी आणि किलवरच्या राणीच्या मधे दाबलेला. ते पुस्तक घरात सगळ्यांनी वाचलं. लालासाहेबांनीसुद्धा, उसाला पाणी सोडून बांधावर बसून. एकानंही माझ्यासमोर चोराचं नाव घेतलं नाही. पुढच्याची मजा जाईल म्हणून कुणी बोलतच नाही! खुणेला आता शिवांजलीनं आणलेली रेशमी फीत असते. तिला वाचता येत नाही, तिला काय त्याचं! तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणी मॅलोफील्डची गोष्ट वाचली असेल, तर इस्लामपूरच्या बाजूला येऊन त्या व्हरांड्यात जरा मोठ्यानं बोला. मला फार काही नको. मिसेस डोव्हनं बोट कुणाकडं केलं, एवढंच.

आता मिशांची शपथ घेतली होती, म्हणून एक सांगून टाकतो. ती मिठी मी घातली. ते भरलेले डोळे, गड्या चुकलो, नवा कॅट वगैरे, सगळं माझ्या पदरचं. गोष्टीत असं काहीतरी लागतं. लालासाहेब त्यातलं एक अक्षर बोलले नाहीत.

झालं होतं ते इतकंच. त्यांनी बनुबाईंच्या हातून मला घेतलं, कॅटात घातलं आणि सगळा कॅट विष्णुपंतांपुढं सरकवला. "पीस." विष्णुपंतांनी बराच वेळ आम्हाला नुसतं हातात धरलं. मग पिसलं, आणि काटायला लालासाहेबांपुढं ठेवलं. पिसणाऱ्यानं लबाडी केली नाही ना, म्हणून समोरच्यानं कॅट काटायचा असतो. सुभेदार तर सख्ख्या मेहुण्यानं पिसलेला कॅटही दोनदा काटायचे.

त्यांनी काटला नाही. वरच्या पानावर नुसतं बोट टेकवलं आणि म्हणाले, "वाट."

बाहेर अनीशनं हॉर्न वाजवला. विष्णुपंतांनी पहिलं पान लालासाहेबांना टाकलं.